हिवराचा वळसा

बोरमळीच्या मच्छीमार सोसायटीला जी नाव मिळाली, तिच्यात दोन फिरत्या खुर्च्या होत्या. न्हाव्याच्या दुकानात असतात तशा, पांढऱ्या रेक्झिनच्या, पाठीला टेकण असलेल्या. धरणाच्या भिंतीजवळ कुणा हौशी माणसानं रिसॉर्ट काढलं होतं. शहरातल्या पाहुण्यांनी यायचं, गळ टाकून मासा धरायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि मासा परत पाण्यात सोडून द्यायचा, असा तो धंदा. धरलेला मासा सोडून द्यायला माणूस पैसे मोजतो, हे बोरमळीत शेवटपर्यंत कुणाला पटलं नाही. पाहुण्यांनाही फार दिवस पटलं नसावं. दोन हंगामांत रिसॉर्टला कुलूप लागलं आणि सामान विकता विकता ही नाव सोसायटीच्या गळ्यात पडली.

कागदावर तिचं नाव होतं 'बास बोट'. बास म्हणजे परदेशातला एक मासा म्हणे. सातपुड्याच्या पायथ्याला त्याला कुणी पाहिलेलं नाही, आणि त्यानंही इकडं यायची घाई केलेली नाही. गावानं तिला 'खुर्चीवाली' म्हणायला सुरुवात केली आणि विषय संपवला.

खुर्चीवाली चपटी, लांबट, बुडाशी गुळगुळीत. पुढच्या खुर्चीपाशी हातभर रुंदीचा एक पडदा, पाण्याखालचे मासे दाखवणारा. त्यावरून पोराटोरांनी बरीच चेष्टा करून घेतली. मासे कुठं आहेत ते आता यंत्रानं सांगायचं का! सगळं होतं, फक्त मागं लावायचं मशीन नव्हतं. मग सरकारी योजनेतून एक मशीन मंजूर झालं आणि पंचाईत तिथूनच सुरू झाली, कारण दोन दुकानदार दोन मशिनं घेऊन दारात उभे राहिले.

धुळ्याच्या दुकानाचं मशीन लाल होतं. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं, वजनाला हलकं, दोन माणसांनी सहज उचलावं असं. दोरी ओढली की असं खेकसायचं की पलीकडच्या काठावरचे बगळे उठावेत. जळगावच्या दुकानाचं निळं. फोर-स्ट्रोक, अंगानं जड, उचलायला तीन माणसं आणि एक शिवी लागायची, पण चालू झालं की जात्याची घरघर यावी शेजारच्या घरातून, एवढाच आवाज. दोन्ही पंचवीस घोड्यांची. दोन्ही दुकानदार म्हणत होते, आमचंच घ्या.

गावाला मशीन हवं होतं ते सकाळसाठी. रात्री टाकलेली जाळी पहाटे उचलायची, मासळी नावेत भरायची आणि भिंतीजवळच्या धक्क्यावर बर्फाची गाडी आठ वाजता शिरपूरकडं निघायच्या आत पोचवायची. गाडी चुकली की मासळी मऊ पडते, आणि मऊ मासळीला बाजारात कुणी हात लावत नाही. म्हणजे वेग हवा. पण चाळीस घरांच्या वाट्यातून पेट्रोल जाणार, म्हणून कमी पिणारं मशीनही हवं. चेअरमन गिरधर आबा म्हणाले, आपण भांडत बसण्यापेक्षा शिकलेल्या माणसाला विचारू. धुळ्याच्या पॉलिटेक्निकातल्या प्रज्ञाबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी तीन दिवस मागून घेतले आणि सांगितलं, नाव एकाच माणसानं चालवायची, नाहीतर तुलना खोटी पडेल.

तो एक माणूस म्हणजे निंबा. दुसरा कोण असणार? धरणात पाणी आलं त्या वर्षापासून बावीस वर्षं या पाण्यावर तोच पुढं होता. आधी वल्ह्याची नाव, मग सोसायटीचं जुनं डिझेलचं खटारं. बाकीच्यांच्या लहान होड्या त्याच्या मागून त्याच वाटेनं जायच्या.

आता ही वाट सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे.

जुनी बोरमळी पाण्याखाली आहे. नवी वर माळावर, पत्र्याची, सरळ रेषेत आखलेली. पण पाण्यावर गेलं की बोरमळीची माणसं जुन्याच गावात असतात. 'आज शाळेत रोहू चांगला घावला' म्हणतात. 'चावडीवर जाळं अडकलं' म्हणतात. कुणाची होडी कुठं आहे विचारलं तर उत्तर येतं, 'पाटलाच्या खळ्यात', आणि तिथं चहूकडं निळ्या पाण्याशिवाय काही नसतं. नव्या माणसाला वाटावं, हे लोक झोपेत बोलतायत. काही अंशी ते खरंही आहे. निंबाला तर कित्येक सकाळी धुकं पाण्याला टेकलेलं असताना वाटायचं, आपण पाण्यावर नाहीच, गावाच्या आभाळातून चाललोय. खाली मातीच्या धाब्याची घरं, अंगणात शेणसडा, कुणी बाई पाणी घेऊन वळणावरून येतेय, आणि आपल्या नावेची सावली तिच्या हंड्यावरून सरकत जातेय. ती वर बघत नाही. बघून तरी काय दिसणार तिला!

तर पाण्यावरची वाट म्हणजे जुनीच गाडीवाट. नव्या गावापासून धक्क्यापर्यंत सरळ गेलं तर सहा किलोमीटर. पण मधे मारुतीचं देऊळ लागतं, त्याला उजवीकडं ठेवून नाव वळायची. पुढं नाल्याच्या काठावर एक हिवराचं झाड होतं, त्याला चांगला लांबचा वळसा पडायचा. हा दुसरा वळसा निंबाचा होता. तो वळायचा म्हणून बाकीचे वळायचे. बावीस वर्षांत एकानंही त्याला विचारलं नव्हतं की बाबा, का?

आणि हेच निंबाला बरं वाटत होतं, कारण त्या हिवराच्या बुडाशी त्याची पोर होती.

उषा. तीन वर्षांची. तापानं गेली, धरणात पाणी यायच्या दोन वर्षं आधीच्या उन्हाळ्यात. बोरमळीची रीत अशी की एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. बापानं एखाद्या भावाबंदाला सोबत घेऊन जायचं, ठेवायचं, मागं न बघता यायचं. आणि जागा आईला सांगायची नाही. सांगितली तर ती तिथंच जाऊन बसेल, घरादाराचं तिला भान राहणार नाही, म्हणून. ही रीत कुणी घातली ते ठाऊक नाही, पण घालणारा नक्की बाप्याच असणार. निंबानं नाल्याकाठी सावलीचं तेवढं एकच झाड पाहिलं. उन्हाचे दिवस होते. पोरीला ऊन लागू नये, एवढंच त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या वर्षी मोजणीवाले आले. घरं मोजली, विहिरी मोजल्या, झाडं मोजली. हिवराला चुन्यानं आकडा टाकला. झाडाच्या बुडाशी काय आहे, हे त्यांच्या कागदात विचारलेलं नव्हतं, आणि निंबानं सांगितलं नाही. मारुतीला वाजतगाजत नव्या गावात नेलं. पोरीला कसं नेणार? मग पाणी आलं. तेव्हापासून निंबा रोज सकाळी तिथवर जायचा, नावेचा वेग कमी करायचा, आणि तिच्या अंगावरून न जाता बाजूनं वळायचा. नाव वळवताना मनात म्हणायचा, नीज बाय. त्याची बायको गुंताबाई घरी भाकरी थापत असायची. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी लाल मशीन लावलं. प्रज्ञाबाई चाळिशीच्या, अंगानं किरकोळ, डोक्याला रुमाल बांधलेल्या. बाईंनी पेट्रोल मापानं मोजून टाकीत ओतलं, मासळीच्या वजनाएवढ्या वाळूच्या गोण्या भरल्या, पुढच्या खुर्चीवर बसल्या आणि मोबाईल गुडघ्यावर ठेवला. निंबानं दोरी ओढली. लाल मशीन खेकसलं आणि खुर्चीवाली पुढचं टोक उचलून अशी सुटली की निंबाच्या डोक्यावरची टोपी गेली. देवळाशी वळली, हिवराशी वळली. प्रत्येक वळणावर वेग मोडला की नावेचं बूड पाण्यात बसायचं, आणि वळण संपलं की लाल मशीन तिला पुन्हा चटकन उचलायचं. पंधरा मिनिटं, अडीच लीटर.

पण निंबाला ते आवडलं नाही. हिवराशी वेग कमी केला तरी ते भुंकतच होतं. नीज बाय म्हणायची सोय राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी निळं. ते लागलं तेव्हा निंबानं दोनदा वाकून बघितलं, चालू आहे ना! नावेखालचं पाणी फाटल्याचा आवाज येत होता. काठावरच्या पळसावर होला बोलत होता, तोही ऐकू येत होता. डिझेलचं खटारं आल्यापासून पाण्यावर त्याला होला कधी ऐकू आला नव्हता. हिवराशी त्यानं वेग उतरवला तेव्हा असं निवांत झालं, की त्याला वाटलं, खालून कुणी हाक मारली तर आता ऐकू येईल. हेच मशीन. दुसरं नको. उरलेलं आयुष्य याच मशिनावर जावं, असं त्याच्या मनानं घेतलं.

पण धक्क्यावर पोचल्यावर बाईंनी माप टाकलं आणि कपाळाला आठी घातली. अठरा मिनिटं, दोन लीटर चारशे. म्हणजे तीन मिनिटं उशीर आणि पेट्रोलची बचत नावापुरती.

"असं व्हायला नको," त्या म्हणाल्या. "हे मशीन लालपेक्षा बरंच कमी प्यायला पाहिजे." मग त्यांनी मोबाईलवर नाव कोणत्या वाटेनं आली ते बघितलं. निळ्या पाण्यावर एक लाल रेघ, दोन ठिकाणी पोट आलेली. "निंबाकाका, नाव इथं आणि इथं का वळते? पाणी तर मोकळं आहे."

गिरधर आबा धक्क्यावरच होते. त्यांनी हसून देवळाचं सांगितलं. बाईंनी समजावलं की निळं मशीन जड आहे, वेग मोडला की नावेचं बसलेलं बूड वर उचलायला त्याला वेळ लागतो, आणि सगळं पेट्रोल त्या उचलण्यात जातं. सरळ जाऊ दिलं तर तेच मशीन लालला धूळ चारेल. पण वळायचंच असेल तर मी लाल घ्या म्हणेन, त्यात वेळ तरी वाचेल.

"देवळावरथून सरळ जावा," गिरधर आबा म्हणाले. "देव आते वर गावमां शे. तठे नुसत्या भिंती."

"आणि हा दुसरा वळसा?"

आबांनी धक्क्याच्या दगडाकडं पाहिलं.

"तठे झाड शे," निंबा म्हणाला. "हिवर. पंखा अडकी."

"अडकेल की नाही ते आपण उद्या पडद्यावर बघू," बाई म्हणाल्या. "मी बॅटरी जोडून देते त्याला. खोल असेल तर सरळ जाऊ, नसेल तर लाल घेऊ. सोपं आहे."

सोपं! निंबा घरी आला तो काही न खाता ओट्यावर बसून राहिला. निळं हवं तर पोरीच्या अंगावरून जायचं. वळसा ठेवायचा तर रोज सकाळी ते लाल कुत्रं तिच्या उशाशी नेऊन भुंकवायचं. दुपार कलली, माळावरून पाणी चांदीच्या पत्र्यासारखं दिसायला लागलं, आणि त्याला डोळे उघडे असताना दिसत राहिलं, की हिवराखाली पोर बसलीय, वाळूचे ढीग करतेय, आणि आभाळातून काहीतरी मोठं, काळं तिच्यावर येतंय. त्यानं दोनदा डोळे चोळले.

तिसऱ्या दिवशी वाळूची एक गोणी फाटली. वजन पन्नासेक किलोनं कमी पडलं, आणि बाई वजनाच्या बाबतीत हट्टी. निंबाला डबा द्यायला आलेली गुंताबाई काठावर उभी होती.

"मी बठस ना," ती म्हणाली. "मनं वजन काय कमी शे का?"

"तू काबर?" निंबा घाईनं म्हणाला. "तुले पानीनं भ्याव वाटस."

"खुर्ची शे ना. मी काय पानीमां बठस?"

बाई हसल्या आणि त्यांनी तिला हात दिला. गुंताबाई मागच्या खुर्चीवर पदर आवळून बसली, आणि खुर्ची फिरते म्हटल्यावर लहान पोरीसारखी एकदा इकडं, एकदा तिकडं फिरून बघितली. निंबा मात्र दोरी हातात धरून तसाच उभा राहिला. तिला तो आजवर त्या वाटेनं शक्यतो नेत नसे. नेलं तर नाल्यापाशी उगाच दुसरं काही दाखवायचा, ते बघ, तिकडं बगळे.

निळं मशीन चालू झालं. धुकं विरत होतं. देवळावरून ते सरळ गेले, निंबानं मनात हात जोडले आणि काही झालं नाही. नावेनं वेग धरला होता, पुढचं टोक खाली येऊन ती पाण्यावर नुसती घसरत चालली होती. बाई घड्याळाकडं बघून मान डोलवत होत्या. पडद्यावर खालचं गाव सरकत होतं. म्हणजे काय, काळ्यावर पिवळी रेघ, वरखाली होणारी. पण निंबाला ती वाचता येत होती. हा रस्ता. ही पाटलाची विहीर, इथं रेघ एकदम खचली. हा नाल्याचा उतार.

समोर हिवर आला. म्हणजे पाणीच आलं, नुसतं पाणी, पण निंबाचा हात त्याला न विचारता वळला. नाव कलली. मग त्यानं हात परत सरळ केला, आणि पुन्हा वळवला, आणि शेवटी त्याला दोन्हीही जमेना तेव्हा त्यानं मशीन बंद केलं.

नाव आपल्या जोरावर थोडी पुढं गेली आणि थांबली. पडद्यावरच्या पिवळ्या रेघेतून एक काडी उभी राहिली होती, वर तिला दोन फांद्या.

"चौदा मीटर," बाई म्हणाल्या. "झाड आहे खरं, पण फार खाली आहे, काका. पंख्याला काही होत नाही." मग त्यांनी निंबाच्या तोंडाकडं पाहिलं.

"गुंता," निंबा म्हणाला. "आठे शे ती."

"कोन?"

"उषा. हाऊ हिवर दिखस ना, याना बुडाले. मनाच हाते ठेयेल शे तिले."

गुंताबाई पडद्याकडं बघत राहिली. मग पाण्याकडं. मग नवऱ्याकडं.

"रोज आठूनच जातस तुम्ही?"

"आठून नही. वळसा घालस. तिना अंगवरथून कसा जाऊ?"

"बावीस वरीस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण निंबानं तिला एवढं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "बावीस वरीस तुम्ही रोज सकायले पोरले भेटी येतस, आनि मी घर भाकरी थापस. एक दिन नही सांगं मले."

"तुले तरास व्हई म्हनीसन..."

"तरास!" तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. "कोनती दिशाले तोंड करीसन रडू, इतलंबी ठाऊक नव्हतं मले. मी चुल्हाकडे तोंड करीसन रडस!"

तिला दुःख होऊ नये म्हणून निंबानं जे केलं, ते सगळं त्यानं एकट्यासाठी राखून ठेवलं होतं, हे त्याला त्या क्षणी कळलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. प्रज्ञाबाईंनी आपली खुर्ची हळूच दुसऱ्या बाजूला फिरवून घेतली होती आणि त्या डोंगराकडं बघत बसल्या होत्या. नाव जागच्या जागी हलकेच डुलत होती. गुंताबाई वाकली. तिनं पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. पाणी थंड होतं. ती काय बोलत होती ते निंबाला ऐकू येत होतं, मशीन बंद होतं ना. पण ते त्याच्यासाठी नव्हतं, म्हणून इथंही सांगत नाही.

पुष्कळ वेळानं तिनं हात बाहेर काढला आणि पदराला पुसला.

"बाई," तिनं विचारलं, "याना पंखा कितला खाल जास?"

"दोन फूट, अक्का. फार तर अडीच."

"आनि पानी शे चौदा मीटर." गुंताबाईनं मनाशी माप धरून पाहिलं. "मंग तिले काय व्हई? खालथून तिले वाटी, पाखरू उडी गयं." ती निंबाकडं वळली. "सरळ चाला. लांबथून वळसा घालीसन कोनी लेकरूले भेटस का? आनि उद्यापशी मी येसू. रोज येसू."

तो फेरा बाईंनी धरला नाही. मधे थांबल्यामुळं हिशेब चुकला होता. ते परत गावाकडच्या काठावर गेले, पेट्रोल पुन्हा मोजून भरलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी निंबानं हात घट्ट धरला. विहीर गेली, नाल्याचा उतार आला, आणि नाव जराही न मोडता हिवरावरून गेली. गुंताबाईनं खुर्ची फिरवून मागं तोंड केलं होतं. मागं पांढऱ्या फेसाची रेघ सरळ ओढलेली होती आणि ती जागा दूर जाईपर्यंत तिला दिसत राहिली. साडेबारा मिनिटं. एक लीटर चारशे. दुपारी लाल मशिनालाही सरळ पळवून पाहिलं, न्याय म्हणून. बारा मिनिटं, दोन लीटर. अर्ध्या मिनिटासाठी रोजचं एवढं पेट्रोल कोण जाळणार?

संध्याकाळी सोसायटीच्या खोलीत सभा भरली. बाप्ये सतरंजीवर, बाया दाराशी. गिरधर आबांनी चष्मा लावून प्रज्ञाबाईंचा अहवाल मोठ्यानं वाचला. वेग, पेट्रोल, वजन, सगळं रकान्यांत होतं, आणि शेवटी लिहिलं होतं, निळं मशीन घ्यावं. त्याखाली आणखी एक ओळ होती. 'रोजच्या फेरीत मासळीखेरीज एक व्यक्ती, वजन चोपन्न किलो, धरून हा हिशेब केला आहे.'

"हाई एक व्यक्ती कोन?" मागून कुणीतरी विचारलं.

"मनी बायको," निंबा म्हणाला. "हिवरलगून येई ती मनासंगे." मग त्यानं सगळं सांगितलं. लांबवलं नाही. खाली बघून, चार वाक्यांत सांगितलं, आणि आता लोक काय म्हणतील म्हणून तो मान खाली घालूनच बसला.

गिरधर आबांनी चष्मा काढला.

"मनी धाकली बहीण बी तठेच शे," ते म्हणाले. "हिवरना बुडाले. मी बापनासंगे गयथू, धा वरीसना व्हतू. तू वळस, तवय मले वाटे, निंबाभाऊले ठाऊक शे." त्यांनी दाराकडं पाहिलं. तिथं त्यांची आई बसली होती, ऐंशीच्या पुढची, काठी मांडीवर आडवी ठेवून. ती मुलाकडं बघत होती. "मायले मी कधी नही सांगं. बापनी शपथ घालेल व्हती."

मग सतरंजीवरचा आणखी एक म्हातारा खाकरला. त्याच्या शेजारचा भिंतीकडं तोंड करून बसला. सावलीचं झाड नाल्याकाठी तेवढं एकच होतं, आणि उन्हाची काळजी काही निंबालाच नव्हती. बावीस वर्षं चाळीस होड्या एकामागून एक त्या पाण्याला वळसा घालत आल्या होत्या. जो तो समजत होता की आपण निंबाच्या मागून वळतोय एवढंच लोकांना दिसतं.

प्रज्ञाबाईंनी पर्समधून कॅल्क्युलेटर काढला, अहवाल पुढं ओढला आणि ती शेवटची ओळ खोडली. त्यांनी दाराशी बसलेल्या बायांकडं पाहिलं.

"किती जणी येणार?" त्यांनी विचारलं. "वजन धरावं लागेल."

आधी आबांच्या आईनं काठी उचलली. मग गुंताबाईशेजारचा एक हात वर झाला, मग कोपऱ्यातला, मग पायरीवर बसलेल्या दोघींचे. बाई सातपर्यंत मोजून थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.